वाचक विचारतात : बालवाडीच्या वयाची मुलं आणि शिकवणारा टीव्ही

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी टीव्हीवर जे शैक्षणिक कार्यक्रम झाले, त्यांच्याविषयी कोल्हापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून बरीच पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

'सेसमी स्ट्रीट' हा लहान मुलांना शिकवणारा जगातला पहिला कार्यक्रम, असं माझा अमेरिकेतला मुलगा सांगतो. हे खरं का? त्याआधी काहीच नव्हतं का?
— निवृत्त मुख्याध्यापिका, मंगळवार पेठ

पहिला नव्हे. त्याच्या आधीची जवळजवळ वीस वर्षं वेगवेगळ्या देशांत हे काम चालू होतं.

बीबीसीने जुलै १९५० मध्ये 'अँडी पँडी' ही दोरीच्या बाहुल्यांची मालिका सुरू केली. आई आणि मूल शेजारी बसून बघतील, ही त्यामागची कल्पना. १९५३ पासून अशा छोट्या कार्यक्रमांच्या वेळेला नावच 'वॉच विथ मदर' असं मिळालं. 'अँडी पँडी'चे जेमतेम सव्वीस भाग चित्रित झाले होते आणि तेच वर्षानुवर्षं फिरून फिरून दाखवले गेले. या वयाचा प्रेक्षक दर दोन-तीन वर्षांनी नवाच येतो, त्यामुळे ते चालूनही गेलं.

१९५२ मध्ये शिकागोहून 'डिंग डाँग स्कूल' सुरू झालं. डॉ. फ्रान्सिस हॉर्विच या बालशिक्षणाच्या अभ्यासक हातात घंटा घेऊन यायच्या, सरळ कॅमेऱ्याकडे बघून मुलाला प्रश्न विचारायच्या आणि उत्तरासाठी थांबायच्या. हे थांबणं लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे. जपानच्या एनएचके वाहिनीवर ऑक्टोबर १९५९ पासून 'ओकासान तो इश्शो' म्हणजे 'आईसोबत' हा कार्यक्रम आहे आणि तो आजही चालू आहे. इंग्लंडमध्ये २० एप्रिल १९६४ च्या रात्री बीबीसी-टू वाहिनीचं उद्घाटन ठरलं होतं, पण लंडनची वीज गेली. मग दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला 'प्ले स्कूल' लागलं आणि नव्या वाहिनीवर ठरल्याप्रमाणे दिसलेला पहिला कार्यक्रम छोट्यांचा ठरला. गोल, चौकोनी की कमानीची, आज कोणत्या खिडकीतून बाहेर बघायचं, हे मुलांना ओळखायला लावून त्यातून चित्रफीत सुरू व्हायची. आकार शिकवण्याची इतकी साधी आणि नेमकी युक्ती क्वचितच कोणाला सुचली असेल. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाने हाच साचा उचलला, तिथे तो अजून टिकून आहे.

अमेरिकेत फ्रेड रॉजर्स यांचा 'मिस्टर रॉजर्स नेबरहुड' फेब्रुवारी १९६८ मध्ये देशभर दिसू लागला. त्यांचा भर अक्षर-अंकांपेक्षा मुलाच्या राग, भीती, रुसवा यांवर होता. हे सगळं 'सेसमी स्ट्रीट'च्या आधीचं.

मग १० नोव्हेंबर १९६९ ला नवं काय घडलं? तोवर अनुभवी, प्रेमळ माणसं आपल्या अंदाजाने कार्यक्रम करत होती. 'सेसमी स्ट्रीट'ने आधी उद्दिष्टं लिहून काढली आणि मग ती साधतात का, हे प्रत्यक्ष मुलांवर तपासलं. १९६६ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये टीव्ही निर्मात्या जोन गँझ कूनी यांच्या घरी जेवणाच्या वेळी लॉइड मॉरिसेट यांनी विचारलं, की टीव्हीने लहान मुलांना शिकवता येईल का. मॉरिसेट कार्नेगी या देणगीदार संस्थेत होते. त्यांची तीन वर्षांची मुलगी पहाटे उठून कार्यक्रम सुरू होण्याआधीची पट्ट्यापट्ट्यांची स्थिर खूणसुद्धा बघत बसायची. कूनी यांनी अहवाल लिहिला, १९६८ मध्ये 'चिल्ड्रन्स टेलिव्हिजन वर्कशॉप' स्थापन झालं. सरकार आणि देणगीदार संस्था मिळून सुमारे ८० लाख डॉलर उभे राहिले. त्याच उन्हाळ्यात हार्वर्डचे जेराल्ड लेसर यांनी शिक्षक, मानसतज्ज्ञ, लेखक आणि चित्रकार यांना तीन-तीन दिवसांच्या पाच बैठकांत एकत्र बसवलं. त्यांच्याकडून नेमकी उद्दिष्टं आली : मुलाने अमुक अक्षर ओळखावं, दहापर्यंत मोजावं, 'वर-खाली', 'जवळ-लांब' सांगावं. 'मुलांचा सर्वांगीण विकास' असलं मोघम वाक्य तिथे चाललं नाही.

मांडणी मात्र त्यांनी जाहिरातींकडून घेतली. एक अक्षर, दीड मिनिट, चाल, गंमत आणि तासाभरात पुन्हा पुन्हा तेच. पहिल्या हंगामात तासाचे १३० भाग झाले.

'सेसमी स्ट्रीट'च्या लोकांनी मुलांवर चाचण्या कशा घेतल्या? अंगणवाडीत आम्ही मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवतो. मुलांना ते पोचतात की नुसता वेळ जातो, हे आम्हाला तपासता येईल का?
— अंगणवाडी सेविका, कागल तालुका

येईल. त्यासाठी लागतात एक कागद, पेन्सिल आणि एक मदतनीस.

एडवर्ड पामर हे संशोधन विभागाचे प्रमुख. त्यांनी मुलाला टीव्हीसमोर बसवलं आणि बाजूला एक पडदा ठेवला. त्यावर दर साडेसात सेकंदांनी नवं रंगीत चित्र यायचं. मुलाची नजर टीव्हीवर आहे की चित्राकडे गेली, याची नोंद तेवढ्याच अंतराने व्हायची. ज्या जागी बरीच मुलं चित्राकडे वळली, ती जागा कच्ची समजायची. अक्षरं शोधणाऱ्या एका गुप्तहेराचा भाग मोठ्यांना फार आवडला होता. मुलांनी त्याकडे पाठ फिरवली आणि तो गाळला गेला.

जुलै १९६९ मध्ये फिलाडेल्फियात पाच नमुना भाग दाखवले, तेव्हा मोठी अडचण उघड झाली. बाहुल्या दिसल्या की मुलं खिळून राहायची; कार्यक्रमातल्या रस्त्यावरची खरी माणसं बोलू लागली की उठायची. खरं आणि काल्पनिक एकत्र करू नका, मुलं गोंधळतील, असा तज्ज्ञांचा सल्ला होता आणि म्हणूनच रस्त्यावर एकही बाहुली ठेवलेली नव्हती. निर्मात्यांनी तज्ज्ञांना बाजूला ठेवून मुलांचं ऐकलं. बाहुल्या करणारे जिम हेन्सन यांनी रस्त्यावर राहणारा अडीच मीटर उंचीचा पिवळा पक्षी आणि कचऱ्याच्या डब्यातला ऑस्कर तयार केला. हा कार्यक्रम जगभर ज्यांच्यामुळे ओळखला जातो ती पात्रं चाचणीत नापास झाल्यावर आलेली आहेत.

आता अंगणवाडीतली पद्धत. सहा मिनिटांचा एकच व्हिडिओ निवडा. एका वेळी एकच मूल, फार तर दोन. फोन त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, दीड हाताच्या अंतरावर. डाव्या किंवा उजव्या हाताला जरा तिरकं मदतनीस बसेल आणि दर आठ सेकंदांनी एक चित्रकार्ड बदलेल, काही न बोलता. तुम्ही अशा ठिकाणी बसा जिथून मुलाचे डोळे दिसतात, पण मुलाला तुमचा कागद दिसत नाही. कागदावर पंचेचाळीस चौकोन आखा : सहा मिनिटांचे ३६० सेकंद, भागिले आठ. नजर फोनवर असेल तर टिक, नसेल तर चौकोन रिकामा. पाच-सहा मुलांचे कागद शेजारी ठेवले की रिकामे चौकोन एकाच ठिकाणी दिसू लागतात. बहुतेकदा तिथे कोणीतरी मोठं माणूस बसून लांबलचक समजावत असतं.

चुका होतात त्या अशा. खाऊच्या आधी चाचणी घेतली की मुलांचं लक्ष पातेल्याकडे. कार्डं वाघ-हत्तीची असली आणि व्हिडिओ वांग्या-टोमॅटोचा, तर तुलना खोटी. साधी घरगुती वस्तूंची कार्डं घ्या. आठ-दहा मुलं एकत्र बसवली तर एकाने मान वळवली की सगळे वळतात आणि नोंदीला अर्थ उरत नाही. पहिलं मूल नेहमी तुमच्याकडेच बघतं, त्याचा कागद सोडून द्या.

याहून महत्त्वाचं म्हणजे बघणं आणि समजणं एकच नाही. व्हिडिओनंतर चार अक्षरं किंवा चार चित्रं पुढे ठेवून "यातलं 'म' कुठलं?" असं विचारा, पण एकदाच विचारून थांबू नका. चारांत एक अचूक येणं हे नुसत्या अंदाजानेही घडतं. जागा बदलून चार वेळा विचारा. तीनदा बरोबर आलं तरच ओळखलं म्हणा. उलटही होतं. १९७९ च्या एका प्रयोगात पाच वर्षांच्या मुलांच्या एका गटाला खेळणी देऊन टीव्हीसमोर बसवलं, दुसऱ्याला खेळण्यांशिवाय. खेळणी असलेल्या मुलांनी जवळपास निम्मा वेळच टीव्हीकडे पाहिलं, तरी दोन्ही गटांना गोष्ट सारखीच समजली. ती मुलं नेमकी कधी मान वर करायची हे आवाजावरून ठरवत होती. तेव्हा ठोकळे लावत बघणाऱ्या पोराला "इकडे बघ" म्हणून दटावू नका.

माझा नातू एकच व्हिडिओ दिवसातून पाच वेळा मागतो. नवीन लावलं की रडतो. डोक्यावर काही परिणाम तर होत नसेल ना?
— आजी, कसबा बावडा

आजी, काळजी करू नका. या वयाला तेच हवं असतं. गोष्टसुद्धा तीच, त्याच शब्दांत सांगायला लावतात, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

सप्टेंबर १९९६ मध्ये अमेरिकेत 'ब्लूज क्लूज' हा कार्यक्रम आला. त्यांनी सोमवार ते शुक्रवार रोज एकच भाग दाखवला. पहिल्या दिवशी मुलं गप्प बसून बघायची, कारण गोष्ट कुठे चालली आहे हेच कळत नव्हतं. दोन-तीन दिवसांनी कोडं सुटू लागायचं आणि शेवटी शेवटी मुलं सूत्रधाराच्या आधी ओरडून उत्तर द्यायची. संशोधकांनी मोजलं तेव्हा मुलांचं लक्ष टिकून राहिलं होतं आणि समज वाढली होती. 'सेसमी स्ट्रीट'च्या अगदी आरंभी जेम्स अर्ल जोन्स या नटाने इंग्रजी मुळाक्षरं अतिशय संथपणे, प्रत्येक अक्षरानंतर थांबून म्हटली होती, तिथेही असंच दिसलं. पहिल्यांदा मुलं त्याच्या मागून म्हणायची. काही वेळा पाहिल्यावर त्याच्याबरोबर. आणि मग पडद्यावर अक्षर उमटलं की त्याने तोंड उघडायच्या आत.

तुमच्यासाठी काम एवढंच : पाचव्या वेळी फोन मधेच थांबवा आणि "आता काय होणार रे?" म्हणून विचारा. नातवाने सांगितलं तर तो शिकतो आहे. नुसतंच "लाव, लाव" म्हणाला तर त्या दिवसापुरतं पुरे.

आमच्या लहानपणी 'बालचित्रवाणी' लागायची. मराठीत बालवाडीच्या मुलांसाठी याआधी किंवा नंतर काही झालं का? आता ती का दिसत नाही?
— एक तरुण वडील, राजारामपुरी

'बालचित्रवाणी' ही पुण्यातली राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था. २७ जानेवारी १९८४ ला सुरू झाली, २०१७ मध्ये राज्य शासनाने बंद केली. इन्सॅट उपग्रहावरून शिक्षण देण्याच्या केंद्राच्या योजनेत महाराष्ट्रासह सहा राज्यांत अशा संस्था झाल्या. त्यांचे कार्यक्रम पाच ते आठ आणि नऊ ते अकरा अशा दोन वयोगटांसाठी असत, म्हणजे प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी. तुम्ही बालवाडीत असताना बघितलं असेल, पण ते तुमच्यासाठी केलेलं नव्हतं.

आपल्याकडच्या शैक्षणिक टीव्हीची ही जुनीच खोट आहे. दिल्लीत १९६१ मध्ये शालेय प्रसारण सुरू झालं ते मोठ्या वर्गांसाठी. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' नावाचा प्रचंड प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट कार्यक्रम पोचले. जाळीची मोठी थाळी आणि गावात मिळून एक टीव्ही संच. आपल्या शेजारचं विजापूर त्यात होतं, महाराष्ट्र नव्हता. सकाळचे कार्यक्रम पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी होते. नेमक्या त्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९७५ ला, एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली. दोन्ही गोष्टी दोन महिन्यांच्या अंतराने सुरू होऊनही एकमेकींना भेटल्या नाहीत, याची आम्हाला खंत वाटते. कारण महाराष्ट्राकडे या वयाचं ज्ञान तयार होतं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला अंगणवाडीची कल्पना प्रत्यक्षात आणली, अनुताई वाघांनी ती कोसबाडच्या टेकडीवर वाढवली. शंख-शिंपले, बिया, गाणी, गोष्टी हे सगळं टीव्हीवर उचलता आलं असतं.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. तिथे 'किलबिल'सारखे बालकार्यक्रम झाले, रामदास पाध्यांचे बोलके बाहुले घराघरांत पोचले. पण तो मनोरंजनाचा भाग होता, ठरवून आखलेलं पूर्वप्राथमिक शिक्षण नव्हतं. १९७४ चा 'एक अनेक और एकता' हा सात मिनिटांचा अनुबोधपट अजून लोकांच्या ओठांवर आहे. तो करणाऱ्या विजया मुळ्ये शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राच्या प्रमुख होत्या. एकवचन-अनेकवचन इतक्या सुरेख रीतीने दुसऱ्या कोणी शिकवलेलं आम्हाला माहीत नाही.

खास तीन ते सहा वयासाठी, संशोधन करून बेतलेली मोठी मालिका आली १५ ऑगस्ट २००६ ला : 'गली गली सिम सिम'. शाळेच्या गणवेशातली चमकी, शिंकली की भलतीकडे पोचणारी आंछू, गुलाबी सिंह बूंबा. भाषा हिंदी. २०२० च्या टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही चांगली कृतिप्रधान मराठी मालिका आली, तीही पहिली ते आठवीसाठी. तेव्हा मराठी बालवाडीची जागा अजून मोकळीच आहे, असंच उत्तर द्यावं लागतं.

अशा कार्यक्रमांनी खरंच काही फरक पडतो, याला पुरावा आहे का?
— शिक्षणशास्त्राचा विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ

आहे, पण मर्यादेसह वाचा. १९७० मध्ये एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसने 'सेसमी स्ट्रीट'चं पहिलं मूल्यमापन केलं. जास्त बघणारी मुलं अक्षरं-अंकांत जास्त पुढे गेली. भरपूर बघणाऱ्या तीन वर्षांच्या मुलांची प्रगती थोडं बघणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांपेक्षा अधिक होती. १९७५ मध्ये थॉमस कुक आणि सहकाऱ्यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. प्रयोगातल्या बऱ्याच आयांना मुलांना कार्यक्रम दाखवण्याचं खास प्रोत्साहन मिळालं होतं, त्यामुळे श्रेय एकट्या टीव्हीला देता येत नाही, असं त्यांनी दाखवून दिलं. पुढे केअर्नी आणि लेव्हिन या अर्थतज्ज्ञांनी वेगळी वाट काढली. १९६९ मध्ये काही भागांत 'सेसमी स्ट्रीट' दाखवणारी वाहिनी नीट दिसायची आणि काही भागांत प्रसारणाच्या तांत्रिक कारणाने दिसायचीच नाही. जिथे दिसत होती तिथली मुलं पुढे आपल्या वयाच्या योग्य इयत्तेत असण्याचं प्रमाण जास्त निघालं, विशेषतः गरीब वस्त्यांत. मोठेपणीच्या शिक्षणावर आणि मिळकतीवर मात्र ठाम परिणाम सिद्ध झाला नाही. प्रबंधासाठी विषय हवा असेल तर कुकच्या टीकेपासून सुरुवात करा.

माझे सासरे वारले. चार वर्षांच्या मुलीला आम्ही "आजोबा देवाघरी झोपलेत" सांगितलं. आता ती रात्री झोपायला घाबरते. लहान मुलांच्या कार्यक्रमांत हा विषय कधी आला आहे का?
— एक आई, उचगाव

आला आहे आणि तो कसा हाताळला हे तुमच्या उपयोगाचं आहे. 'सेसमी स्ट्रीट'वर मिस्टर हूपर नावाचे दुकानदार होते. ते काम करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. हूपर गावाला गेले किंवा निवृत्त झाले असं दाखवता आलं असतं. निर्मात्यांनी बालमानसशास्त्राच्या जाणकारांशी बोलून खरं सांगायचं ठरवलं. भाग २४ नोव्हेंबर १९८३ ला, सुट्टीच्या दिवशी दाखवला, म्हणजे आई-वडील घरी शेजारी असतील.

त्यात काय टाळलं ते बघा. 'झोपले' म्हटलं नाही, कारण मूल झोपेला घाबरतं. तुमच्या मुलीचं नेमकं तेच झालं आहे. 'आजारी पडले, दवाखान्यात गेले' हेही नाही, नाहीतर पुढच्या सर्दी-तापात मुलाला मरणाची धास्ती वाटते. पिवळा पक्षी सगळ्या मोठ्यांसाठी चित्रं काढून आणतो, वाटतो आणि हूपरचं चित्र हातात धरून विचारतो की ते कुठे आहेत. मोठी माणसं त्याला सरळ सांगतात : ते मरण पावले, ते परत येणार नाहीत. मग दुकान कोण चालवणार, मला खाऊ कोण देणार, असे त्याचे प्रश्न येतात आणि प्रत्येकाला उत्तर मिळतं. असं का व्हावं, याला मात्र ते म्हणतात : असंच असतं, म्हणून.

मुलीला जवळ घेऊन सांगा, की आजोबा मरण पावले, म्हणजे त्यांचं शरीर बंद झालं, ते परत येणार नाहीत; झोपणं वेगळं, झोपलेलं माणूस सकाळी उठतं. तिला गोष्ट कोण सांगणार, फिरायला कोण नेणार, हे नाव घेऊन सांगा. ती दहादा विचारेल. दहाही वेळा त्याच शब्दांत उत्तर द्या. महिनाभरात भीती कमी झाली नाही तर बालरोगतज्ज्ञांना भेटा.

मी चित्रकला शिक्षक आहे. शाळेच्या बालवाडीसाठी बाहुली वापरून मराठीत छोटे भाग मोबाइलवर करायचे आहेत. सुरुवात कशी करू?
— गडहिंग्लज

मोठं सामान घेऊ नका. पहिला भाग सहा मिनिटांचा ठेवा, त्यात एकच अक्षर आणि एकच बाहुली.

बाहुली बोलकी हवी, म्हणजे तोंड उघडणारी. गादी-कुशनच्या दुकानात बारा मिलिमीटर जाडीचा स्पंज मिळतो, शिंप्याकडे कातरण. तोंडासाठी जुन्या फाइलचा पुठ्ठा घ्या : अठरा सेंटिमीटर लांब, नऊ रुंद, मधोमध दुमडलेला, दोन्ही बाजूंनी कापड. चिकटवायला चपलांसाठी वापरतात ते पिवळं सोल्यूशन. दोन्ही पृष्ठभागांना लावायचं, पाच-सात मिनिटं सुकू द्यायचं, बोटाला चिकटेना झालं की दाबायचं. ओलं असताना जोडलं की सांधा सरकतो आणि दुसऱ्या दिवशी सुटतो. खिडक्या उघड्या ठेवा, मुलांना लांब.

डोळे पिंगपाँगच्या चेंडूचे दोन अर्धे. बुबुळं बरोबर मध्यावर काढली की बाहुली शून्यात बघते. ती किंचित नाकाकडे सरकवा. मग नजर समोरच्यावर ठरते. कायम करण्याआधी काळ्या कागदाच्या टिकल्या लावून कॅमेऱ्यातून बघून घ्या.

बोलताना सगळे चुकतात ते एका ठिकाणी. वरची चार बोटं उचलली जातात, डोकं मागे उलटतं आणि बाहुली छताकडे बघू लागते. चार बोटं स्थिर ठेवून अंगठा खाली न्या. तोंड प्रत्येक ठोक्याला उघडायचं : 'केळं'ला दोनदा, 'टोमॅटो'ला तीनदा. शब्द संपल्यावर तोंड उघडं राहिलं तर मूल पुढचा शब्द येईल म्हणून वाट बघतं. आरशासमोर आठवडाभर नुसती बाराखडी म्हणवून घ्या. जमलं तर कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन ठाकर कलाकारांचा कळसूत्रीचा खेळ बघून या. बाहुली न बोलता कशी ऐकते, हे तिथे शिकायला मिळतं.

अक्षरांचा क्रम आपल्या लिपीला धरून ठेवा. इंग्रजी कार्यक्रमांत अक्षराचं नाव वेगळं आणि उच्चार वेगळा, म्हणून त्यांचे निम्मे श्रम त्यात जातात. आपल्याकडे 'म' म्हणजे 'म'च. आपली अडचण आकारांची आहे, म्हणून 'ग म भ न' हा जुना आकारसाम्याचा क्रम घ्या. पडद्यावर अक्षर उंचीच्या निदान एक तृतीयांश असावं, वळणाच्या दिशेने हळूहळू उमटावं आणि शिरोरेघ शेवटी यावी. अक्षर दिसत असताना बाहुली हलवू नका. हलणाऱ्या वस्तूकडे डोळे आपोआप जातात आणि अक्षर कोपऱ्यात बिनबघता राहतं. परदेशात मुलांच्या नजरेचा माग घेऊन केलेल्या तपासणीत हेच आढळलं आहे.

प्रश्न विचारल्यावर चार ते पाच सेकंद पूर्ण शांतता. मनात एक ते पाच मोजा. मोठ्यांना ही पोकळी असह्य होते आणि जोडकाम करताना ती कापली जाते. कापू नका. उत्तर शोधायला मुलाला तेवढा वेळ लागतो. 'डिंग डाँग स्कूल'पासून 'ब्लूज क्लूज'पर्यंत सगळ्यांनी तो दिला आहे.

चित्रीकरणाला फोन आडवा आणि मागचा कॅमेरा. पुढच्या कॅमेऱ्यात काही फोनांवर चित्र उलटं साठवलं जातं आणि अक्षरं आरशातली होतात. पडद्यावर बाहुलीच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरून प्रकाश आणि फोकस कुलूपबंद करा, नाहीतर बाहुली हलली की चित्र उजळतं-मावळतं. खिडकी बाजूला असावी, पाठीमागे नको. पंखा बंद. वर्गाला पत्रा असेल तर पावसाळ्यात आवाजाचं काम सोडूनच द्या, दिवाळीनंतर करा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. दोन भिंतींना गोधड्या टांगा आणि इअरफोनचा माइक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा.

तयार झालं की वर दिलेली पंचेचाळीस चौकोनांची चाचणी घ्या, आणि घाई न करता पहिला भाग पुन्हा चित्रित करायची तयारी ठेवा. 'ब्लूज क्लूज'चा प्रत्येक भाग दिसण्याआधी मुलांपुढे तीनदा तपासला जायचा.

किती वेळ दाखवावं? आणि एक व्हिडिओ संपला की भलतंच सुरू होतं, त्याला काय करायचं?
— एक आई, इचलकरंजी

दोन वर्षांखाली पडदा नको, दोन ते पाच वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. दूर असलेल्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल त्यात धरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांसाठी एक तासाचीच मर्यादा दिली आहे. तो तास एका बैठकीत देऊ नका. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग करा. जेवताना आणि झोपायच्या आधीचा तास पूर्ण बंद. फार वेगाने दृश्यं बदलणारी व्यंगचित्रं टाळा. २०११ च्या एका प्रयोगात अशी नऊ मिनिटं पाहिल्यावर लगेच दिलेल्या, लक्ष आणि संयम लागणाऱ्या कामांत चार वर्षांची मुलं मागे पडली. हा परिणाम तात्पुरता मोजलेला आहे, पण शाळेला निघण्याआधी तरी असं काही लावू नये.

यूट्यूबमध्ये 'ऑटोप्ले' बंद करा. त्याहून बरं म्हणजे यूट्यूब किड्स घेऊन मुलाच्या खात्यात 'फक्त मंजूर केलेला मजकूर' हा पर्याय निवडा. तुम्ही टिक केलेले व्हिडिओच दिसतील. शोधण्याची सोय आपोआप बंद होते. त्याच अॅपमध्ये वेळ लावण्याचं घड्याळ आहे, वीस मिनिटांनी ते स्वतः थांबतं. तेच पाच-सहा व्हिडिओ आठवडाभर राहू द्या आणि रविवारी रात्री त्यातले दोन बदला.